आवाज : सुरमल भोसले

"मिस्तरी, ते बंद करा आधी," सुरमल म्हणाला. "तुमच्या यंत्राची खरखर ऐकून तो बोलंना."

मी टेपरेकॉर्डरचं बटण खटकन दाबलं. सकाळी सातपासून मी तित्तराच्या पिंजऱ्यासमोर मायक्रोफोन धरून उकिडवा बसलो होतो. पायांना मुंग्या आल्या होत्या. आणि तो पठ्ठ्या कोपऱ्यातल्या मातीत पंख घोळत माझ्याकडे पाठ करून बसला होता. हा माझा चौथा दिवस. आधीच डोकं तापलेलं, त्यात बागेतल्या हरणांना गवत आणून टाकणारा माणूस मला अक्कल शिकवायला आला.

"मग तू बोलवून दाखव त्याला," मी म्हणालो.

मी टोमणा मारला होता. त्यानं तो मनावर घेतलाच नाही. डोक्यावरचा भारा उतरवला, माझ्या शेजारी बसला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि दोन्ही तळवे ओठांपुढे धरले.

कतीतर, कतीतर, कतीतर!

मी चमकून पिंजऱ्याकडे बघितलं. तित्तर उठून उभा होता, मान ताठ, पण चोच बंद. आवाज माझ्या डाव्या कानाशी येत होता. सुरमलनं पुन्हा हाक दिली, या वेळी जरा घाईघाईची, चिडवल्यासारखी. तिसऱ्या हाकेला पिंजऱ्यातल्यानं उत्तर दिलं आणि धावत येऊन जाळीला अशी धडक मारली की मी मागे पडलो.

"अरे देवा! बागेचे डॉक्टर तर म्हणाले होते, हा मुका आहे."

"मुका कशाचा? राग आला त्याला," सुरमल भारा उचलत म्हणाला. "आपल्या रानात दुसरा नर आला कसा, म्हनून भांडायला आला."

आणि तो हरणांच्या कुंपणाकडे निघून गेला. टेपरेकॉर्डर बंदच होता.

मी मुरलीधर सोनटक्के. आमच्या गावात स्टँडच्या मागे माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. ही गोष्ट बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची. तळ्याकाठी नगरपालिकेची छोटीशी प्राणीबाग होती. दहा-बारा पिंजरे, एक हरणांचं कुंपण आणि एक मगर. ती मगर जिवंत आहे की नाही यावर लोकांच्या पैजा लागायच्या. बाग सांभाळायचे डॉक्टर नलावडे. गुरांचे डॉक्टर, सज्जन माणूस. ते कुठल्याशा मोठ्या शहरात जाऊन आले आणि तिथं त्यांनी पाहिलं की पिंजऱ्यापाशी एक बटण असतं, ते दाबलं की त्या प्राण्याचा आवाज ऐकू येतो. झालं! त्यांना आपल्या बागेतही तेच हवं झालं. परदेशी यंत्रं आणायची नगरपालिकेची ऐपत नव्हती. म्हणून मग मी.

यंत्राचं मला काही अवघड नव्हतं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. वीस सेकंद आवाज साठवणारी चिप तेव्हा नुकतीच मिळायला लागली होती. बटण म्हणून दारावरच्या बेलचं बटण. स्पीकर जुन्या मोडीत निघालेल्या टेपमधले. डबी प्लास्टिकची, वायरमन भिंतीत बसवतात ती. पाणी जाऊ नये म्हणून वरून पाइपचं टोपण कापून छज्जा केला, आणि मुलं स्पीकरमध्ये काड्या खुपसणार हे ठाऊक असल्यानं त्यावर पिठाच्या चाळणीची जाळी लावली. चार सेल टाकले की तीन-तीन महिने बघायला नको. एकेक डबी मी इतक्या स्वस्तात बसवली होती की डॉक्टर पुन्हा पुन्हा उलटून बघायचे आणि म्हणायचे, "सोनटक्के, यात काही राहिलं तर नाही ना घालायचं?"

राहिला होता तो आवाज. कोल्हा दिवसा तोंड उघडत नव्हता. लांडगीण म्हातारी, नुसती जांभया द्यायची. मोरानं तर माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. डॉक्टरांनी कुणाकडून तरी एक विलायती कॅसेट मागवली. तिच्यात आधी एक साहेब इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचा आणि मग कुणीतरी केकाटायचं. ती मी दुकानात लावली असताना सुरमल दारातून जात होता. तो थांबला, ऐकलं आणि हसत सुटला.

"ह्यो कुनाचा म्हनायचा?"

"कोल्ह्याचा."

"ह्यो आपल्याकडचा कोल्हा न्हाई, मिस्तरी. आपला आधी रडतो, मंग हसतो."

त्या दिवशी मी त्याला आत बोलावलं. पहिल्यांदा दुकानाच्या फळीच्या आत. याआधी तो आला असेल तर फळीबाहेर उभा राहिला असेल. वयानं तो माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, पण मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला अहो-जाहो. गावात सगळ्यांचंच असं होतं. सुरमल पारधी. नाव ऐकलं की कळायचंच. बागेच्या मागच्या भिंतीला लागून त्याची झोपडी होती. तिथं तो, त्याची बायको झुंबर आणि दोन मुली.

मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगून मी त्याचे आवाज घेतले. पाच दुपारी. तित्तर, लावा, टिटवी, मोर, कोल्हा, तरस, चिंकारा, लांडगा. आठ डब्यांचे आठ आवाज, एका माणसाच्या गळ्यातले. काय सांगू तुम्हाला! लांडग्याच्या वेळी तो भिंतीकडे तोंड करून बसायला तयार होईना. "समोर मोकळं पायजे," म्हणाला. मग मागचं दार उघडलं. त्यानं मान वर केली, डोळे मिटले, आणि ती हाक अशी काही निघाली की माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पलीकडच्या आळीतली सगळी कुत्री पिसाळल्यागत भुंकायला लागली. शेजारचा शिंपी टेप गळ्यात घालून धावत आला, "काय झालं हो, काय झालं?" आम्ही दोघं पोट धरधरून हसलो.

शेवटच्या दिवशी त्यानं मला घरी जेवायला बोलावलं. मी गेलो. ते मला वाटलं त्याहून सोपं गेलं. झुंबरनं बाजरीच्या भाकरी आणि वांग्याचं कालवण केलं होतं. मुली दाराशी बसून माझ्याकडे टकामका बघत होत्या. जेवताना वर लक्ष गेलं. आढ्याला कापडात बांधलेलं एक गाठोडं लटकत होतं.

"ते काय रे?"

त्यानं हातातली भाकरी ताटात ठेवली. मग उठला, गाठोडं काढलं आणि माझ्यापुढे सोडलं. बारीक, काळे, चकचकीत फास. एकाला एक जोडलेले, शंभर तरी असतील. हातात घेतले तर वजनच नाही.

"घोड्याच्या शेपटीच्या केसाचे हायेत," तो म्हणाला. "बापानं वळलेले. तो हाक घालायचा, नर भांडायला यायचा आनि ह्यात पाय अडकायचा. मला त्यानंच शिकवलं."

"मग अजून?"

"छे छे! अकरा वर्सं झाली," झुंबर चुलीपुढून म्हणाली. "मी शपथ घातली. थोरली पोटात हुती तवा यांना धरून नेलं हुतं. गावात कुटं चोरी झाली, तर यांना नेलं. रानात काय मेलं, तर यांना नेलं. आता डाक्टरांच्या कृपेनं गवताचं काम हाय, पोरी शाळंत जात्यात. अकरा वर्सांत दारात पोलीस न्हाई का जंगलवाला न्हाई."

"मग हे ठेवलेत कशाला?"

सुरमलनं फास पुन्हा कापडात गुंडाळले. "बापाचं दुसरं काय हाय माज्याकडं?" तो म्हणाला. "मिस्तरी, हे कुनापाशी बोलू नगा."

"वेडा आहेस का? मी कशाला बोलू?"

हात धुताना त्यानं दुसरी गोष्ट काढली. मी डब्यांवर पत्र्याच्या पाट्या लावणार आहे, हे त्याला डॉक्टरांकडून कळलं होतं.

"पाटीवर माजं नाव नगं."

"का नको? आवाज तुझा आहे. कलाकाराचं नाव लावायलाच पाहिजे."

"आमचं नाव कुटं लिवलं की तितं कुनीतरी हुडकत येतंय. चांगल्यासाटी आजवर कुनी आलं न्हाई."

"अरे, तो काळ गेला. आता लोक बटण दाबतील, तुझा आवाज ऐकतील आणि म्हणतील, वा! सुरमल भोसले कोण रे हा? तुझ्या मुली वाचतील ते नाव. बापाचं नाव असं रंगात लिहिलेलं त्यांनी बघू नये का?"

तो मुलींकडे बघत राहिला. मी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं.

"तुमी म्हनताल तसं," तो म्हणाला.

मी स्वतः ब्रश घेऊन पाट्या रंगवल्या. प्राण्याचं नाव मोठ्या अक्षरात. खाली 'रचना : मुरलीधर सोनटक्के'. त्याखाली 'आवाज : सुरमल भोसले'.

उद्घाटनाला निम्मं गाव लोटलं होतं. नगराध्यक्षांनी मोराचं बटण दाबलं आणि दचकून मागे सरकले. लोक टाळ्या पिटत होते. मुलं या डबीकडून त्या डबीकडे पळत होती. कोल्हा, तरस, टिटवी, सगळा एकच गोंधळ. सुरमलच्या थोरल्या मुलीनं तित्तराच्या पिंजऱ्यापाशी उभं राहून पाटी मोठ्यानं वाचली. मग मैत्रिणींना बोलावून पुन्हा वाचली. सुरमल लांब चिंचेखाली गवताचा भारा घेऊन उभा होता, उपरण्यानं निम्मं तोंड झाकून. पण तो हसत होता, हे मी बघितलं. मी जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "काय सांगत होतो?"

तीन आठवड्यांनी दुपारी दोनच्या सुमारास दुकानासमोर जीप थांबली. शिपायानं विचारलं, "सोनटक्के तुम्हीच का? जंगलखात्याच्या साहेबांनी बोलावलंय. त्या आवाजाच्या डब्यांसंबंधात."

मी मनातल्या मनात उडीच मारली. रविवारी साहेब बायकामुलांना घेऊन बागेत येऊन गेल्याचं डॉक्टर बोलले होते. मला वाटलं, सरकारी काम आलं! त्यांनाही कुठंतरी अशा डब्या बसवायच्या असणार. मी शर्ट बदलला. इस्त्रीचा घातला. नमुना म्हणून एक डबी पिशवीत टाकली.

साहेब तरुण होते, बोलायला गोड. मला खुर्ची दिली, चहा मागवला. डबी हातात घेऊन निरखली. बाजूच्या टेबलावर कारकून लिहीत बसला होता. मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

"कमाल केलीत तुम्ही," साहेब म्हणाले. "माझा मुलगा तित्तराच्या पिंजऱ्यापासून हलेना. ही कॅसेट कुठली हो? विलायती असणार."

बघा, या जागी मी नुसतं 'हो' म्हणायला हवं होतं. तेवढं एकच अक्षर. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या कामाला कॅसेट म्हणतो?

"कॅसेट?" मी म्हणालो. "अहो साहेब, कॅसेटवर असला आवाज येतो का? कॅसेटवरच्या आवाजाला पिंजऱ्यातला तित्तर ढिम्म हलत नाही. हा ऐकून तो जाळीवर धडका देतो!"

"काय सांगता? माणूस काढतो हा आवाज?"

"पाटीवर नाव आहे ना. सुरमल. त्याच्या बापानं शिकवलाय त्याला. नुसतं ओरडायचं नसतं साहेब, त्यात दोन प्रकार असतात. एक साधी हाक आणि एक डिवचायची. डिवचलं की नर भांडायला येतो. रानात असता तर पायाशी आला असता."

"वा! आणि मग?"

"मग फासात अडकतो," मी हसून म्हणालो. काय शहाणा मी! "त्याच्याकडे बापाचे फास अजून आहेत. घोड्याच्या केसांचे. काय काम आहे साहेब, बघत राहावं! खरं तर एखाद्या संग्रहालयात ठेवायला हवेत. तुम्हीच बघा काही जमलं तर."

"बघू की. कुठं आहेत ते?"

"झोपडीत. आढ्याला गाठोडं बांधलेलं आहे."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. कारकुनानं कागद माझ्यापुढे सरकवला. "जरा सही करा. तुमचं काम, तुमच्या शब्दांत. नोंद राहिलेली बरी," साहेब म्हणाले. मी वाचलंसुद्धा नाही. वर माझं नाव होतं, वळणदार अक्षरात. मी खाली सही ठोकली.

मग साहेब खुर्चीत मागे टेकले. आवाज तोच, गोडच.

"गेल्या आठवड्यात माळावर फास सापडले, सोनटक्के. एकोणीस तित्तर आणि दोन मोर, माना मुरगळलेले. वरून रोज फोन येतोय. आम्ही माणूस शोधतोय, आणि इकडे नगरपालिकेनं त्याचं नाव पाटीवर लिहून ठेवलंय." ते दाराकडे वळून म्हणाले, "पाच वाजता जीप काढा. बागेमागची झोपडी. आढं बघायचं."

"साहेब, तो तसला नाही. अकरा वर्षं झाली त्यानं सोडून. मी खात्रीनं सांगतो."

"खात्रीचं काय ते कोर्टात सांगा. तुम्ही बरंच सांगितलंत. या आता."

मी बाहेर आलो. व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या माठापाशी, सुरमल जमिनीवर बसला होता; येताना माझं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. एक हात खिडकीच्या गजाला बांधलेला. सकाळीच आणला होता म्हणे, गवत कापताना. शेजारी शिपाई तंबाखू मळत होता. मला बघितल्याबरोबर सुरमलचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"आलात मिस्तरी!" तो म्हणाला. मग हळू आवाजात, "मी त्यास्नी सांगितलंय, ते आवाज कॅसेटवरचे हायेत. मिस्तरीनं नाव उगं लिवलं. म्हनलं, मिस्तरीला बोलवा, तेच सांगतील. म्हनून तर तुमाला आनलं. सांगितलंत न्हवं, कॅसेटचे म्हनून?"

शिपाई तंबाखूला चुना लावत होता.

"सांगितलं," मी म्हणालो.

"बरं झालं बघा." त्यानं मोठ्यानं श्वास सोडला. "मला म्हाईतच हुतं. मंग सोडत्यात आता. झुंबरला तेवडं कळवा, मिस्तरी. काळजी करत बसली आसंल. म्हनावं, सांजच्याला येतो."

"कळवतो," मी म्हणालो.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो, कारण ते सांगायला मला जड जातं. तो संध्याकाळी आला नाही. माळावर सापडलेले फास नायलॉनचे होते. हे पंचनाम्यातच लिहिलेलं होतं, पण त्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. झोपडीच्या आढ्याला फास मिळाले होते, आणि त्याला हाक कशी घालता येते याचा माझ्या सहीचा कागद होता. कोर्टात तो वाचून दाखवला. 'त्याच्याकडे फास अजून आहेत' या वाक्याशी सुरमलनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. त्याला ते नीट कळलंच नसावं, पुन्हा एकदा ऐकायला मिळालं तर बरं, असं काहीसं. मी खाली बघितलं. चौदा महिने तो आत होता. झुंबर मुलींना घेऊन तिच्या भावाकडे गेली. थोरलीची शाळा सुटली ती सुटलीच. सुटून आल्यावर तो एक दिवस बागेपाशी दिसला म्हणतात. त्याची झोपडी तोवर पाडलेली होती. पुन्हा कुणी त्याला पाहिलं नाही. डॉक्टरांनी पाट्या आधीच उतरवल्या होत्या. डब्यांचे सेल संपले, ते मी बदलायला गेलो नाही.

लोक मला म्हणतात, सोनटक्के, तुमचा काय दोष? तुम्ही तर त्याचा मान वाढवायला नाव लिहिलंत. इतकी वर्षं मीही हेच सांगत आलो. आज खरं सांगतो. पाट्या मला माझ्या नावाच्या हव्या होत्या. नुसत्या माझ्या. मी तशी एक रंगवून डॉक्टरांना दाखवलीसुद्धा होती. डॉक्टर म्हणाले, "नुसतं तुमचं कसं लावता येईल? आवाज सगळे त्याचे. लावायचं तर दोघांचं लावा, नाहीतर कुणाचंच नको." कुणाचंच नको, हे मला पचेना. म्हणून मी त्याचं नाव मागून घेतलं. कलाकार वगैरे सगळं त्यासाठी.

आणि यापेक्षाही वाईट एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणापाशी बोललो नाही.

त्या दिवशी मी साहेबांकडून निघालो तेव्हा साडेतीन वाजले होते. सरळ झोपडीवर गेलो. चार वाजायच्या आत पोचलो. जीप निघणार होती पाचला. म्हणजे तासभर वेळ होता. वाटेत मी ठरवलं होतं की जाऊन झुंबरला सांगायचं, ते गाठोडं काढ आणि चुलीत घाल. आत्ताच्या आत्ता. केसच ते, क्षणात जळून गेले असते.

ती दारात सुपात बाजरी घेऊन बसली होती. मला बघून धडपडत उठली.

"काय झालं वो? गवत कापताना नेलं म्हनत्यात. खरं का?"

"खरं आहे. पण काळजी करू नका. चौकशीला नेलंय. मी जाऊन आलो. संध्याकाळी येतो म्हणाला."

"काय म्हनले साहेब?"

"काही नाही. ते आवाज कुणाचे, म्हणून विचारत होते."

"मंग तुमी काय सांगितलं?"

"कॅसेटचे आहेत म्हणून सांगितलं."

ती मटकन खाली बसली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. "लई उपकार झाले," म्हणाली. "सकाळपास्नं पानी गिळंना मला. पोरींना सांगितलं बी न्हाई. तुमी हुतात म्हनून, न्हाईतर आमचं कोन ऐकतंय? बसा, च्या टाकते."

"चहा नको."

"असं कसं? बसा."

मी बसलो. तिनं चूल पेटवली. गाठोडं माझ्या डोक्यावर होतं, हात वर केला असता तर लागलं असतं. मी तोंड उघडलं. दोनदा उघडलं. पण गाठोडं जाळ म्हटलं असतं तर ती पहिला प्रश्न विचारणार होती, त्यांना कसं कळलं? आणि त्याचं उत्तर एकच होतं. आत्ता जिनं मला उपकार म्हणून हात जोडले, तिला मी काय सांगणार होतो? मनात आलं, साहेब कदाचित विसरतील. जीप निघायला उशीर होईल. आढं उंच आहे, अंधारं आहे, दिसणार नाही. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो!

चहा गोड होता. मी तो सावकाश प्यालो. थोरली मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकून माझ्या पाया पडली आणि बाहेर खेळायला पळाली. पावणेपाच झाले. मी उठलो.

"सांजच्याला नक्की येत्याल न्हवं?" झुंबरनं विचारलं. तिनं परात पुढे ओढली होती, पिठात पाणी घालायला तांब्या उचलला होता. "न्हाई, पीठ थोडंच हाय, म्हनून इचारते. त्येंच्या बी भाकरी आत्ताच टाकू का?"

"टाका," मी म्हणालो. "त्यांच्याही टाका."